पाजण्याआधीचे दूध

ज्याने आईच्या छातीत दूध ठेवले, त्याने ते एकसारखे कधीच ठेवले नाही. पहिले तीन-चार दिवस चीक येतो. तो पिवळा, चिकट, थेंबाथेंबाने उतरणारा. दिसायला दाट, पण सायीने हलका. मग दूध उतरते, वाढते, पांढरे होते. आठवडे सरतात तशी त्यात साय चढते, आणि मूल वर्षा-दीड वर्षाचे झाले की तेच दूध आणखी स्निग्ध होते. सकाळचे वेगळे, दुपारचे वेगळे. आणि याहून मोठा फरक एकाच पाजण्याच्या पोटात असतो. बाळाने तोंड लावताच येते ते पातळ, निळसर, तहानेपुरते. छाती रिकामी होत जाते तसतशी आत चिकटून राहिलेली साय सुटू लागते, आणि शेवटचे घोट भूक भागवतात. देवा, काय तुझी ही वाढण्याची रीत! आधी पाणी, मग जेवण. आणि दोन्ही एकाच ताटात.

ही सारी लीला जिला रोज काचेच्या नळीत उभी दिसत होती, ती एक दिवस नेमकी हीच गोष्ट विसरली. तिची ही हकिकत आहे.

रुग्णालयात तिला सगळे सायबाई म्हणत. तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या विभागाला लागून, दुधाची खोली आहे. वेळेआधी जन्मलेल्या, तळहातावर मावतील अशा बाळांसाठी इतर आया आपले जास्तीचे दूध देतात. ते या खोलीत येते, तपासले जाते, तापवून गोठवले जाते. पोलादी टेबल, निळ्या झाकणांच्या बाटल्या, दिवसभर घुमणारे तीन फ्रीजर, आणि सरकत्या काचेची एक खिडकी. खिडकीबाहेर आयांची रांग, खिडकीआत सायबाई. तिचे काम सायीचे माप घेण्याचे. वातीएवढी बारीक काचेची नळी दुधाला टेकवायची. दूध आपणहून वर चढते. खालचे तोंड मातीच्या गोळीने बुजवायचे, नळी यंत्राच्या चकतीत बसवायची, झाकण लावायचे. पाच मिनिटे ते यंत्र असे फिरते, की टेबलावरचे पेन चालू लागते. थांबल्यावर नळीच्या डोक्यावर सायीची पट्टी उभी असते, तांदळाच्या दाण्याहून लहान. भिंगाखाली पट्टी मोजायची आणि शंभर भागांत साय किती, तो आकडा लिहायचा.

बावीस वर्षांत तिचा आकडा चुकला नाही. मोठे डॉक्टर म्हणत, "यंत्र बिघडलं तर सायबाईंना विचारा. सायबाई बिघडल्या तर खोलीला कुलूप लावा." ती हसत नसे. ती फारशी हसतच नसे, आणि त्याला कारण होते.

ते कारण सांगायचे तर एकतीस वर्षे मागे जावे लागते. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. बाळंतपणाचा सहावा दिवस. बाळ भुकेने रडत होते. छाती भरून दगडासारखी झाली होती. ती पाजायला बसणार एवढ्यात सासूबाईंनी काचेचा पेला पुढे केला.

"यात काढ जरा. बघू दे मला."

तिने दोन बोटे भरेल एवढे काढले. सासूबाई पेला घेऊन खिडकीपाशी गेल्या. पेल्यामागे बोटे धरून त्यांनी तो उजेडात उंच केला.

"ये, तूच बघ. पलीकडची बोटं दिसतात माझी. याला दूध म्हणायचं? नुसतं पाणचट! कस नाही हिच्या दुधात. पोर काय पाण्यावर जगवायचं?"

नवरा दारात उभा होता. "आई म्हणते तर असेल," एवढे बोलून तो कामावर गेला. पुढे मरेपर्यंत त्या विषयावर तो याहून अधिक काही बोलला नाही.

त्याच दुपारी पावडरचा डबा आला, बाटली आली, आणि बाळ आजीच्या मांडीवर गेले. मांडीवर गेले ते गेलेच. आईच्या छातीला ओढणारे कोणी उरले नाही. तीन आठवडे ती भिजलेले पोलके बदलत राहिली. चौथ्या आठवड्यात पोलके कोरडे राहिले. मुलगा वाढला, पण आजीचा म्हणून वाढला. पडला तर आजीकडे धावे, झोप आली तर आजीचा पदर शोधी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई सांगत, "हिच्या भरवशावर राहिले असते तर गेला असता हातचा. माझ्या बाटलीनं जगवला." मुलगाही मोठेपणी थट्टेने म्हणे, "मी आजीच्या बाटलीचा! आईचं मला काही देणं नाही." सगळे हसत. एका चेहऱ्यावर हसू कधी आले नाही, हे कोणाच्या लक्षात येत नसे.

तिने आयुष्याकडे फार मागितले नाही. सासूबाईंच्या तोंडून एक वाक्य मागितले: तुझे दूध चांगले होते. एवढेच. त्या एका वाक्यासाठी ती एकतीस वर्षे कान देऊन जगली.

रुग्णालयात ती लागली ती बाटल्या धुण्यासाठी. हात नेटका, नजर स्थिर, म्हणून वर्षभरातच तिला नळ्यांच्या टेबलावर बसवले. त्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी एका आईचे एकाच वेळचे दूध तीन बाटल्यांत घेतले. पाजण्याच्या सुरुवातीचे, मधले, शेवटचे. "लावा तिन्ही," ते म्हणाले. यंत्र थांबले. तिने भिंगाखाली वाचले: तीन, सहा, दहा.

"या बाटल्या तीन बायकांच्या असतील," ती म्हणाली.

"बाई तीच, छाती तीच, अर्धा तासही मध्ये गेला नाही," डॉक्टर म्हणाले. "पहिलं दूध प्रत्येकीचं पातळच असतं. छाती जितकी भरलेली, तितकं जास्त पातळ. त्यावरून पारख करणारा फसतो."

ती खाली बसली. डॉक्टरांना वाटले तिला चक्कर आली. त्यांनी पाणी मागवले. तिला चक्कर आली नव्हती. भरलेली छाती, रडणारे बाळ, पेला आणि पेल्यापलीकडची बोटे तिला दिसत होती. नऊ वर्षे अंगावर वागवलेला शब्द सुरुवातीच्या दोन बोटे दुधावरून पडला होता!

एका कागदावर तिने तीन आकडे लिहिले, प्रत्येकापुढे सुरुवातीचे, मधले, शेवटचे असे मांडले, आणि धावत घरी गेली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, तीच खिडकी. तिने सगळे समजावून सांगितले.

"म्हणजे आई, माझं दूध..."

"नळीला काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या. "मी या डोळ्यांनी पाहिलंय." त्यांनी कागद घेतला, त्याची बारीक घडी केली, आणि वाऱ्याने खडखडणाऱ्या तावदानाच्या फटीत खुपसून दिला. "चला, एवढा तरी उपयोग झाला."

तावदान त्या दिवसापासून वाजले नाही. तिच्या आत मात्र ते वाजतच राहिले.

आपले नाही, तर निदान इतरांचे तरी वाचवू, म्हणून ती त्या खोलीत तळमळीने राबली. खिडकीवर एखादी आई घाबरून लहानशी बाटली घेऊन येई, "माझ्या दुधात दम आहे का हो?" असे विचारी. सायबाईचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "पाजण्याआधीचं, की नंतरचं?" छापील कागदावर तसा रकानाच नव्हता. तिने तीनदा अर्ज करून तो छापून घेतला. त्या रकान्याने किती आयांची छाती वाचवली, याचा हिशेब देवाकडे असेल; माणसांनी तो ठेवला नाही.

आणि मग नात झाली.

सून पहिलटकरीण, कमी बोलणारी, सासूला देवासारखे मानणारी. "आमच्या आईंना दुधातलं सगळं कळतं," असे ती माहेरच्यांना अभिमानाने सांगे. अकराव्या दिवशी बाळाचे वजन जन्माच्या वजनाला पोचले नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, "घाई नको. चौदाव्या दिवशी पाहू." पण घरात कोपऱ्यातली खाट होती, आणि खाटेवर आता चौऱ्यांशी वर्षांच्या झालेल्या सासूबाई होत्या. "पोरगी वाळतेय," त्या दर तासाला म्हणत. मुलगा आजीचा. आजीचा शब्द त्याला डॉक्टरापेक्षा मोठा.

बाराव्या दिवशी, सकाळच्या गर्दीत, तो दुधाच्या खोलीच्या मागच्या दाराने आत आला. खिडकीने नाही, रांगेने नाही, कागद भरून नाही. त्याने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली.

"आई, एवढं बघ ना. तिचं आहे. मी बाहेर थांबतो, कामावर उशीर होतोय."

टेबलावर अकरा नळ्या लावायच्या तयार होत्या. तिने बारावी भरली, बुजवली, चकतीत बसवली. पेन टेबलावर चालू लागले. तिने ते उचलले. यंत्र थांबले. अकरा नळ्यांचे आकडे सात, आठ, नऊ असे होते. एका बाईचे मूल सव्वा वर्षाचे, तिचे तर बारा. त्या सगळ्या महिनोन्‌महिने पाजणाऱ्या आया. पूर्ण छाती रिकामी करून काढलेले, ढवळून एकजीव केलेले त्यांचे दूध. त्या रांगेत शेवटी सुनेची नळी. भिंगाखाली पट्टी होती ती एवढीशी.

तीन.

माउली, हाच तो आकडा! बावीस वर्षांपूर्वी तू कागदावर सगळ्यांत वर लिहिला होतास तोच! पण कागद खिडकीच्या फटीत होता आणि डोक्यात अकरा नळ्या होत्या. तिने विचारले नाही. रकाना नव्हता म्हणून प्रश्न आला नाही, आणि घरचा नमुना म्हणून रकान्याचा छापील कागदच भरला नव्हता. आणखीही काही होते, ते तिने पुढे स्वतःच कबूल केले. रोज सकाळी सुनेच्या छातीशी बाळ पाहिले, की तिच्या जुन्या, कोरड्या छातीत काहीतरी टोचे. ते टोचणे त्या क्षणी भिंगावर बसले होते का, हे तिलाही सांगता आले नाही.

ती दारात आली. "पातळ आहे," ती मुलाला म्हणाली. "अगदीच पातळ."

"म्हणजे आजी म्हणत होती तेच."

तिने मान हलवली. होकाराची.

सायबाईंचा आकडा चुकत नाही, हे सारे रुग्णालय जाणत होते, तर सून का जाणणार नाही? तिने वाद घातला नाही. संध्याकाळी डबा आला, बाटली आली. खाटेवरून आवाज आला, "बघ! सासू तशी सून. या घरात दूध मीच पुरवायचं का जन्मभर?" सून स्वयंपाकघरात उभी राहून बाटली उकळत होती. तिची पाठ तेवढी दिसत होती. म्हाताऱ्या सासूबाईंचे हात आता थरथरत, म्हणून बाळ कोणाच्या मांडीवर द्यायचे हा प्रश्नच आला नाही. ते सायबाईच्या मांडीवर आले.

खरे सांगायचे, तर तो सव्वा महिना तिच्या आयुष्यातला सुखाचा होता. एकतीस वर्षांपूर्वी उचलून नेलेले ओझे मांडीवर परत आले होते. कामावरून आली, की हातपाय धुऊन ती आधी बाळाला मागे. "दे इकडे. तुला आराम पडेल." सून देई. सुनेचे पोलके भिजलेले असे. ते हिला दिसत असे आणि दिसत नसे.

एका मंगळवारी खिडकीवर एक हमाली करणाऱ्याची बायको आली. लुगड्याच्या टोकात बाटली धरलेली, डोळे रडून सुजलेले. "बाई, घरचे म्हणतात माझं दूध पाण्यासारखं आहे. खरं का?"

बाटली हातात घेता घेता सायबाईने नेहमीचे विचारले, "पाजण्याआधीचं, की नंतरचं?"

आणि ती तशीच उभी राहिली. हात काचेबाहेर, बाटली हातात. हजारो वेळा विचारलेला प्रश्न तिला पहिल्यांदाच ऐकू आला होता.

"आधीचं," ती बाई म्हणाली. "का हो? काही वाईट का?"

"काही वाईट नाही," सायबाई म्हणाली. "पोटभर पाजा. एका बाजूचं पूर्ण संपू द्या, मग दुसरी. वजनाला उद्या वर वॉर्डात आणा बाळाला. आणि हे दूध कुणालाही उजेडात धरू देऊ नका." मग आतल्या सहकारिणीला तिने एवढेच सांगितले, "मी घरी जाते." बावीस वर्षांत प्रथमच ती यंत्र फिरते ठेवून निघाली.

घरी सून बाटल्या घासत होती.

"त्या दिवशी दूध कधी काढलं होतंस गं? बाळाला पाजण्याआधी, की नंतर?"

"आधी," सून म्हणाली. "ती उठायच्या आधी. भरून आलं होतं ना."

"का पण? आधी का?"

सून गोंधळली. "तुमच्याकडे पाठवायचं होतं, आई. बाळाच्या तोंडचं राहिलेलं कसं पाठवणार? उष्टं वाटलं असतं. म्हणून पहिलं तुमच्यासाठी काढलं आणि मग तिला घेतलं."

अरे देवा! मानाने पहिला घास मोठ्यांना द्यावा, तसे तिने पहिले दूध सासूला दिले होते. आणि सासूने त्याच दुधावर ठपका ठेवला होता.

सायबाई ओट्याशी तिच्या शेजारी गेली. मग जे वाक्य ती स्वतः एकतीस वर्षे मागत आली होती, ते तिने उच्चारले. "तुझं दूध चांगलं होतं. पहिलं पातळच असतं. सगळ्यांचं असतं. आणि बाराव्या दिवसाचं मी महिनोन्‌महिने पाजणाऱ्या बायकांशी लावून बघितलं. मला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी आहे."

बाटलीतला ब्रश फिरायचा थांबला.

"तुम्ही तर सगळ्यांना विचारता," सून म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "बाहेरच्या बायांना विचारता. हे तर कामच आहे तुमचं. मला तेवढं विचारलं नाहीत?"



त्यांनी प्रयत्न केला. सायबाईने रुग्णालयातून दूध काढायचा पंप आणला, वेळापत्रक लिहिले, सुनेच्या पाठीला उशा लावल्या. दूध अगदीच गेले नव्हते, दोन-चार थेंब येत. पण बाळ आता बाटलीच्या सोप्या धारेला सरावले होते. छातीशी नेले, की पाठीची कमान करून किंचाळे. पाचव्या दिवशी सून म्हणाली, "पुरे, आई. ती मला बघून रडते. तिनं मला बघून रडायला नकोय." तिने पंप पुसून पिशवीत घातला.

त्या सकाळी सायबाई खिडकीपाशी बसून बाळाला बाटली देत होती. सून दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती; तिच्या हातांना काही काम नव्हते. सायबाई पुन्हा म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे. माफ कर मला."

खाटेवरून म्हातारी खेकसली, "किती माफ्या मागशील? मी मागितली का कधी?"



"तुम्ही कशाची मागणार?" सायबाईने हळू विचारले.

म्हातारीने तावदानाच्या फटीकडे पाहिले. तिथे घडीचा कागद अजून होता. दोनदा रंग लागून लाकडासारखा झालेला.

"तीन, सहा, दहा," म्हातारी म्हणाली.

"तुम्हाला पाठ आहे?"

"तू कामावर गेल्यावर काढून वाचला होता. चार-पाच वेळा वाचला. कळतं मला वाचलेलं. परत जागच्या जागी लावला."

"मग सांगितलं का नाहीत? एकदा तरी?"

"कसं सांगणार?" म्हातारीचा आवाज प्रथमच बारीक झाला. "नऊ वर्षांचा होता तो. रात्रंदिवस आजी आजी करायचा. तुझं दूध चांगलं म्हटलं असतं, तर तो माझ्याकडे कशाला राहिला असता?"

लोकहो, मागितलेले वाक्य असे मिळाले. एकतीस वर्षांनी मिळाले, आणि हातात येताच त्याचा पाचोळा झाला. सायबाई रडली नाही, भांडली नाही. तिने आपल्या मांडीकडे पाहिले. मांडीवर दुसऱ्या बाईचे मूल होते. हातात बाटली होती. खिडकी तीच होती.

ती उठली. बाळ अर्धे प्यालेले, बाटली तोंडात तशीच. चौकटीशी जाऊन तिने ते दोन्ही सुनेच्या हातांत दिले.

"बस इथे. बाटली असली तरी तूच द्यायची. माझ्याकडे देऊ नकोस. मी मागितलं तरी देऊ नकोस."

सून खिडकीपाशी बसली. बाळ क्षणभर कुरकुरले, मग पिऊ लागले. सुनेने मान वर केली नाही, आभार मानले नाहीत. मानायचे काही नव्हतेच.

"वेडी आहेस," मागून म्हातारी म्हणाली. "मोकळ्या मांडीनं करशील काय आता?"

सायबाईने तावदानाच्या फटीत नख घालून कागद ओढला. रंगाचे पापुद्रे निघाले, कागद तुटत तुटत हातात आला. तिने तो पदराला पुसला, डब्याच्या पिशवीत ठेवला आणि कामावर गेली. ती जिना उतरत असताना वर तावदान पुन्हा खडखडू लागले.